बालपरवेशीपासून हजेरीपटापर्यंत : वरूडकडील कामगारांची भरपाई व तिचा विमा

(१) कामावर असतां मनुष्य मेला किंवा अपंग झाला, तर त्याच्या घराचा भार कोणीं उचलावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी कायद्याबरोबर आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रश्न जुना आहे. त्याचें उत्तर देण्याची रीति मात्र पालटत गेली. पहिली रीति दौलतीच्या कृपेची, दुसरी कायद्यानें ठरविलेल्या देण्याची व तिसरी विम्याच्या हप्त्याची. प्रस्तुत लेखांत या तिन्ही रीतींचा विचार वऱ्हाडांतील, आणि त्यांतही वरूडच्या बाजूचे कापसाचे जिनिंग कारखाने समोर ठेवून, करावयाचा आहे. आमचें प्रतिपाद्य एवढेंच कीं, या तिन्ही रीतींत मनुष्याची हानि किती मोठी होती यापेक्षां त्याचें नांव कोणत्या वहींत होतें यावर भरपाई अधिक अवलंबून राहिली. म्हणून हा इतिहास मूलतः दप्तरांचा इतिहास आहे, आणि जुनीं दप्तरें जमविणाऱ्यांशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध पोहोंचतो.

(२) सभासदानें जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तींतील अफजलखानाच्या प्रसंगानंतरची (इ. स. १६५९) हकीकत अभ्यासकांच्या परिचयाची आहे. लढाईंत जे कामास आले त्यांच्या मुलांस चाकरींत घेऊन चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निम्में वेतन करून दिलें. जखमी झालेल्यांस जखम पाहून दोनशें होनांपासून पंचवीस होनांपर्यंत रक्कम वांटली, असा तिचा आशय आहे. या कलमांकडे वीरांच्या गौरवाचीं म्हणून पाहण्याची आपणांस संवय आहे. हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत एक पूर्ण पद्धति दिसते : मृताची जागा वारसास, वारस नसल्यास विधवेस ठराविक अंशानें वेतन, आणि जखमेच्या मानानें एकरकमी देणें. सुमारें सवादोनशें वर्षांनीं युरोपांतील कायदेपंडितांनीं कारखान्यांतील अपघातांसाठीं जीं कोष्टकें आंखलीं, त्यांतही मृत्यु, अपंगत्व व जखमेची पायरी हेच मुख्य रकाने होते.

या प्रकारच्या देण्यास बालपरवेशी हें नांव रूढ झालें. संगोपन या अर्थाच्या 'परवरिश' या फारशी शब्दाचें तें मराठी वळण होय. पेशवेकालीन कागदांत बालपरवेशी कधीं नक्त नेमणुकीच्या, तर कधीं जमिनीच्या रूपानें दिलेली आढळते. ती धन्याची कृपा होती हें खरें. पण ती निव्वळ लहर नव्हती. मेलेल्याच्या घराची व्यवस्था न लावल्यास पुढच्या स्वारीस माणूस मिळावयाचा नाहीं, हें धनी जाणून होता. मात्र ती मिळण्यास मृताचें नांव सरकारच्या हजिरींत असावें लागे. पागेंतील बारगीर, गडावरील शिबंदी यांचीं नांवें दप्तरीं असत. लष्करामागून चालणाऱ्या बाजारबुणग्यांचीं नसत. दोघेही एकाच रणांत पडले तरी एकाचें घर कागदावर राहिलें व दुसऱ्याचें राहिलें नाहीं. या भेदाची पुनरावृत्ति पुढें कारखान्यांच्या काळांतही झालेली दिसेल.

(३) वऱ्हाडांत दीर्घ काळ निजाम व नागपूरकर भोसले यांचा दोअमल होता. १८०३ च्या देवगांवच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख मुख्यत्वें भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. सातपुड्याच्या पायथ्याशीं चुडामणी नदीवर वसलेलें वरूड हें वर्धेच्या याच पश्चिम बाजूस आहे. राज्यें पालटलीं तरी गांवगाड्यांत एक निराळी सोय चालत होती, ती वतनाची. सुतार, लोहार, महार अशा बलुतेदाराचा हात कामांत गेला तरी त्याचें बलुतें बुडत नसे. घरांतील दुसरा कोणी तें काम उचली व सुगीचा वांटा त्याच घरांत येई. वतन वंशपरंपरा असल्यानें तेंच त्याचें संरक्षण होतें. परंतु वतन ज्याला त्याला नव्हतें. दुसऱ्याच्या शेतांत वर्षाच्या बोलीनें राबणारा सालदार बैलाच्या लाथेनें किंवा विहिरीच्या कामावर जायबंदी झाला, तर त्याचें पुढें काय करावयाचें हें मालकाच्या मनावर राही. सालदाराचा करार बहुधा तोंडी असे. येथेंही नोंद नसणें व आधार नसणें या दोन गोष्टी एकत्रच चालत.

(४) आतां विम्याकडे वळूं. 'विमा' या शब्दाचा संबंध भय या अर्थाच्या फारशी 'बीम' शब्दाशीं लावतात. तो शब्द व ती वस्तु आपल्या पेठांस इंग्रजी कंपन्यांपूर्वींपासून ठाऊक होती. माल ठिकाणावर पोहोंचला तरच पैसे देणें होतील अशा अटीची जोखमी हुंडी सराफकट्ट्यावर चाले. वाटेंतील जकाती व वाहतूक यांचा भार एकरकमी ठरावानें अंगावर घेणाऱ्यास हुंडेकरी म्हणत. सर जॉन माल्कमनें माळव्याविषयींच्या आपल्या ग्रंथांत (१८२३) तिकडील विम्याच्या व्यवहाराची माहिती दिली आहे. वऱ्हाडचा कापूस त्या काळीं बैलांच्या पाठीवरून मिर्झापुराकडे जाई, व पुढें विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीनें तो मुंबईकडे वळविण्याचा उद्योग आरंभिला. एवढ्या लांबच्या वाटेवर जोखमीची किंमत ठरविल्यावांचून व्यापार चालणें शक्य नव्हतें.

या सर्व व्यवहारांत विमा मालाचा होता. बोजा भिजला, लुटला गेला वा जळाला, तर त्याचें काय, याचा विचार पेढीच्या वहींत होई. बोजा वाहणाऱ्याचा पाय मोडला तर त्याचें काय, याचें खातें त्या वहींत नव्हतें. मालाचा विमा आधीं आणि माणसाचा फार मागाहून, हा क्रम जगांत बहुतेक सर्वत्र दिसतो; वऱ्हाड त्यास अपवाद नाहीं.

(५) हा क्रम लोकांच्या डोळ्यांपुढें आणला तो वाफेच्या जिनानें. पूर्वीं कापसांतील सरकी घरोघर रेच्यावर काढीत. तें काम बायका करीत. त्यांत श्रम पुष्कळ, पण यंत्र मनुष्याच्या हातानेंच फिरत असल्यामुळें हात थांबला कीं यंत्रही थांबे. १८६७ मध्यें लोहमार्ग नागपुरास पोहोंचला, अमरावती व खामगांव या पेठा मुंबईस जोडल्या गेल्या, आणि त्यानंतर वऱ्हाडांत जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने पसरत गेले. लोहमार्गापासून दूर असलेल्या वरुडासारख्या पेठेसही हा बदल चुकला नाहीं. तेथें रेल्वे एकविसाव्या शतकांत आली. तोंवर कापूस गाड्यांनीं हलवावा लागे, आणि सरकी काढून बांधलेली रुई वाहणें हें कच्च्या कापसापेक्षां स्वस्त पडे. म्हणून जिनिंग कारखाना पेठेजवळच असणें व्यापाऱ्यास सोईचें होतें.

या कारखान्याची रचना ध्यानांत घेतल्यावांचून पुढील कायद्यांचा अर्थ लागत नाहीं. चामड्यानें मढविलेला एक रूळ, त्यास टेकलेली एक स्थिर पट्टी व तिच्या लगत खालीं-वर होणारी दुसरी पट्टी, असें रुळाच्या जिनाचें स्वरूप असतें. रूळ तंतु ओढून घेतो व पट्ट्या सरकीस मागें लोटतात. अशा जिनांची रांगच्या रांग एका लांब दांड्यावरील पट्ट्यांनीं फिरे, आणि तो दांडा एंजिनाच्या जोरावर चाले. प्रत्येक जिनापुढें कापूस घालणारी बहुधा स्त्री असे. वऱ्हाडांत तिला रेजा म्हणतात. तिचीं बोटें रुळापाशीं, पदर पट्ट्यापाशीं, आणि यंत्र थांबविण्याची कळ मात्र दूर एंजिनघरांत. रेच्यावर जी बाई यंत्राची धनीण होती, ती जिनावर यंत्राच्या चालीनें बांधली गेली. त्यांत कापसाच्या धुळीनें हवा कोंदलेली, व हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा, म्हणजे चार-पांच महिन्यांचा. तेवढ्यांत वर्षाचा कापूस उरकावयाचा असल्यानें दिवस-रात्र काम चाले. १८८४-८५ च्या मुंबईच्या कारखाना-कमिशनपुढें शेजारच्या खानदेशांतील जिनांविषयीं ज्या साक्षी झाल्या, त्यांत तेथील स्त्रियांच्या अतिदीर्घ कामाचें वर्णन आलें आहे. थकलेला हात व न थकणारा रूळ यांची गांठ पडली कीं अपघात ठरलेला.

(६) सरकारनें या अपघातांची दखल केव्हां घेतली ? १८८१ चा पहिला कारखाना-कायदा यंत्रांस कठडे घालण्याविषयीं व अपघात कळविण्याविषयीं होता. पण तो शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या व वर्षांत चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन यामुळें बहुतांशीं बाहेर राहिला. १८९१ च्या कायद्यानें माणसांची मर्यादा पन्नासावर आणली व स्त्रियांचे कामाचे तास अकरा ठरविले. चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने कायद्याच्या कक्षेंत आले ते १९११ च्या कायद्यानें. यांत वऱ्हाडाची आणखी एक अडचण संशोधकांनीं लक्षांत ठेवावी. १८५३ पासून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत असला तरी मालकी निजामाची मानली जाई. १९०२ च्या करारानंतर, १९०३ मध्यें तो कारभारापुरता मध्यप्रांतास जोडला, तरी ही स्थिति कायम होती. त्यामुळें इंग्रजी हिंदुस्थानचा कायदा वऱ्हाडास आपोआप लागू होत नसे. त्यास निराळा हुकूम लागे. मूळ कायद्याची तारीख पाहून वरूडच्या कारखान्याविषयीं अनुमान काढणें म्हणूनच धोक्याचें आहे. जाहीरनाम्याची तारीखही पाहावी लागते.

भरपाईविषयीं १९२३ पूर्वीं मुख्य आधार १८५५ च्या एका कायद्याचा होता. दुसऱ्याच्या चुकीनें वा हयगयीनें मृत्यु घडल्यास मृताच्या पति-पत्नीस, आईबापांस व मुलांस नुकसानभरपाईचा दावा लावतां येई. पण हयगय सिद्ध करण्याचा भार विधवेवर होता. इंग्लंडांत १८३७ पासून न्यायालयांनीं असेंही मत रूढ केलें होतें कीं, एका नोकराच्या चुकीनें दुसरा नोकर जखमी झाला तर धनी जबाबदार नाहीं. जिनावरील रेजा वकील देऊन हें सर्व लढवील, ही कल्पनाच व्यर्थ होती.

अशा काळांत विदर्भांतच एक निराळें उदाहरण घडलें. जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली, व तींत १८९५ पासून कामावरील अपघाताबद्दल भरपाई देण्याची पद्धत घातली गेली. म्हणजे कायद्याच्या अठ्ठावीस वर्षें आधीं. ती कायद्याची सक्ति नव्हती. मालकानें स्वतःवर घातलेला नियम होता. शिवकालीन रीतीशीं तिचें नातें जवळचें आहे : धनी दूरदर्शी असेल तर चाकर सुरक्षित. परंतु एम्प्रेस मिल बारमाही होती व तिला कायमचा कारागीर टिकवून ठेवावयाचा होता. चार महिन्यांच्या जिनास पुढच्या हंगामीं तीच रेजा यावी अशी गरज नव्हती. हितबुद्धि असली तरी हिताचें कारण नव्हतें; म्हणून तेथें कायद्यावांचून गति नव्हती.

(७) १९२३ चा आठवा कायदा, म्हणजे कामगार-नुकसानभरपाईचा कायदा, १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. जर्मनींत असा कायदा १८८४ मध्यें व इंग्लंडांत १८९७ मध्यें झाला होता. त्या वेळच्या मध्यवर्ती विधिमंडळांत कामगारांची बाजू मांडणारे सभासद आपले नारायण मल्हार जोशी होते. कायद्याचें मुख्य सूत्र असें कीं, कामामुळें व काम चालू असतां घडलेल्या अपघाताबद्दल मालक देणें लागतो. त्याची हयगय होती कीं नव्हती हें पाहावयाचें नाहीं. येथें कृपा संपली व देणें सुरू झालें.

देण्याचें कोष्टक मुळांतच पाहण्यासारखें आहे. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचें वेतन, फार तर २,५०० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचें वेतन, फार तर ३,५०० रुपये. अवयव गेल्यास या दुसऱ्या रकमेचा ठराविक शेंकडा : उजवा हात कोंपरापासून वा वर गेल्यास ७०, डावा गेल्यास ६०, एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेंही बोट ५. उदाहरणार्थ, एखाद्या रेजेची मजुरी महिना १० रुपये धरली, तर तिच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम ४२० रुपये. आंगठ्याचे १०५, तर्जनीचे ४२ व करंगळीचे २१ रुपये होतात. तिचा मृत्यु झाल्यास घरच्यांस ३०० रुपये. तात्पुरत्या दुखापतीस पहिले दहा दिवस कांहीं नाहीं. नंतर दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा भाग, म्हणजे हिशेबानें निम्में वेतन. सभासदाच्या बखरींतील विधवेच्या निम्म्या वेतनाची येथें आठवण होते. हे आंकडे निष्ठुर वाटतात. परंतु बोटाची किंमत ठरविणें निष्ठुर असलें, तरी ती कांहींच न धरणें त्याहून निष्ठुर होतें.

कायदा करणारांनीं कांहीं पळवाटा ओळखून बुजविल्या होत्या. मृत्यूची रक्कम परभारें विधवेच्या हातीं देऊन मालक मोकळा होत नसे; ती कमिशनरकडे भरावी लागे. आंगठा उठवून भरून पावल्याची पावती घेतली, व तींत हक्क सोडून दिल्याचें लिहविलें, तरी तो करार निरर्थक ठरे. मुकादमामार्फत माणसें लावलीं तरी मूळ धनी सुटत नसे. हंगामी मजूरही वगळलेला नव्हता. जो नैमित्तिक आहे व ज्याचें काम मालकाच्या धंद्याचें नाहीं, तोच तेवढा वगळला होता. म्हणजे कायद्याच्या अक्षरानें जिनावरील रेजा पूर्णपणें आंत होती.

व्यवहारांत मात्र दोन गोष्टी आड येत. मूळ कायद्यानें दाव्याची मुदत सहा महिन्यांची होती. हंगाम संपून माणसें आपापल्या गांवीं पांगलीं कीं साक्षीदार मिळणें कठीण. दुसरी गोष्ट, अपघाताच्या दिवशीं ती बाई कामावर होती याचा पुरावा काय ? हजेरीपट. आणि हजेरीपट मालकाच्या पेटींत.

(८) याच कायद्यानें मालकासही नवा धाक घातला. मोठ्या गिरणीस तीन-चारशें रुपये जड नव्हते. वरुडासारख्या ठिकाणच्या भागीदारींतील जिनवाल्यास एका हंगामांत दोन-तीन अपघात झाले तर नफ्याचा मोठा वांटा जावयाचा. यावर उपाय विम्याचाच होता. मुंबईच्या गिरणीमालकांनीं १९२४ मध्येंच परस्परांचा भार वांटून घेण्यासाठीं आपली म्युच्युअल विमा-संस्था उभारली. इतर विमा-कंपन्याही हें काम करूं लागल्या. कायद्यानें विमा सक्तीचा केलेला नव्हता, पण भरपाईचें देणें निश्चित झाल्यावर विमा हा शहाणपणाचाच भाग झाला. जोखमी हुंडींतील जुनें तत्त्वच येथें माणसाच्या अंगास लागू झालें : मोठें व अनिश्चित नुकसान टाळण्यास लहान व निश्चित खर्च पत्करणें. मालक दिवाळखोर झाला तर विमा-कंपनीवरील त्याचा हक्क जखमी कामगाराकडे यावा, अशीही तरतूद कायद्यांत होती. म्हणजे विमा मालकाचा असला तरी त्याची छाया कामगारावर पडे.

विम्याचा हप्ता कसा ठरे, हें संग्राहकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. कारखान्यांत वर्षभर दिलेल्या एकूण मजुरीवर, धंद्याच्या धोक्याप्रमाणें, दर शेंकडा अमुक असा तो आकारला जातो. मालक आधीं अंदाज कळवितो व वर्षअखेर प्रत्यक्ष मजुरीशीं मेळ घालतात. यांतून असा मोह उत्पन्न होतो कीं, हजेरीपटावर माणसें कमी दाखविलीं तर हप्ताही कमी. माणसें अमुक संख्येहून खालीं दाखविलीं तर कारखाना-कायद्याचाही कांहीं भार टळतो. पण पटावर जिचें नांव नाहीं, तिचें बोट गेलें तर कंपनी म्हणणार कीं ही आमच्या विम्यांतली नव्हे, आणि मालक म्हणणार कीं ही माझ्या कामावरच नव्हती. बाजारबुणग्याची स्थिति ती हीच.

म्हणून हजेरीपट हा साधन म्हणून वापरतांना, आपण महजर किंवा करीना यांस जी कसोटी लावतों तीच लावली पाहिजे. तो कोणासाठीं लिहिला ? इन्स्पेक्टरासाठीं, विमा-कंपनीसाठीं, कीं भागीदारांच्या आपसांतील हिशेबासाठीं ? एकाच कारखान्याचा पट, पगारपत्रक व रोजमेळ समोरासमोर ठेवावीं. पटावर तीस नांवें व रोजमेळांत पन्नासांची मजुरी खर्ची पडली असेल, तर मधलीं वीस माणसें कोण, हा इतिहासाचा प्रश्न आहे. रोजमेळ बहुधा अधिक विश्वासार्ह समजावा. कारण भागीदार एकमेकांस फसविण्यास सहसा धजत नाहींत, आणि तो सरकारास दाखविण्यासाठीं लिहिलेला नसतो.

(९) पुढील घडामोडी संक्षेपानें नोंदतों. ह्विटले कमिशनच्या (१९२९-३१) अहवालानंतर १९३३ मध्यें कायदा दुरुस्त झाला. दहा दिवसांची अट सातांवर आली. महिना १० रुपयांपर्यंत मजुरी असलेल्याच्या मृत्यूस ५०० व पूर्ण अपंगत्वास ७०० रुपये ठरले. सुरक्षेचा नियम मोडला हें कारण मृत्यूच्या बाबतींत सांगतां येईनासें झालें. वरील उदाहरणांतील रेजेच्या घरास आतां ३०० ऐवजीं ५०० रुपये मिळणार होते. १९४३ मध्यें, मजूर खातें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे असतांना, युद्धांतील इजांबद्दल मालकांनीं विमा उतरलाच पाहिजे असा कायदा झाला. मालकावर विम्याची सक्ति करण्याचें तें महत्त्वाचें पाऊल होय. १९४८ मध्यें कामगार राज्य विमा कायदा आला. त्यांत औषधोपचार, आजारपणांतील वेतन व अपघाताची भरपाई हीं सर्व एकत्र होतीं. परंतु त्यांतून हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणून जे धंदे नांवानिशीं गणले गेले त्यांत कापसाचें जिनिंग व प्रेसिंग हे होते. अर्थात् नागपूरच्या गिरणी-कामगारास जें छत्र मिळावयाचें तें वरूडच्या जिन-कामगारास नव्हतें. त्याला १९२३ चाच कायदा व मालकानें घेतलेला विमा यांवर राहावें लागलें. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा राष्ट्रीय झाला व हे विमे सरकारी कंपन्यांकडे गेले. १९२३ च्या कायद्यांतील 'कामगार' हा शब्द २०१० पासून 'कर्मचारी' असा झाला, आणि तो कायदा सामावून घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालीं संमत झाली.

(१०) या काळांत वरूडचें अर्थकारणही पालटलें. कापसाबरोबर, व पुष्कळ ठिकाणीं कापसाच्या जागीं, संत्र्याच्या बागा आल्या. वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्यांसाठीं प्रसिद्ध झाला. संत्र्याच्या झाडावर चढून तोडणी करणारा मजूर पडतो, त्यास सर्पदंश होतो, फवारणीनें विषबाधा होते. पण १९२३ च्या कायद्याची यादी मुळांत कारखाने, खाणी, रेल्वे यांसाठीं होती. शेतीचा तींत शिरकाव झाला तो पुढें, आणि तोही ट्रॅक्टर किंवा तत्सम यंत्रानें चालणाऱ्या शेतीपुरता. हातानें फळ तोडणारा बहुतांशीं बाहेरच राहिला. महाराष्ट्र सरकारनें २००५ पासून शेतकऱ्यांसाठीं अपघात-विम्याची योजना चालविली. २०१५ मध्यें तिला गोपीनाथ मुंडे यांचें नांव दिलें. आणि २०२३ मध्यें विमा-कंपनीस मधून काढून तीच योजना सरकारनें स्वतः द्यावयाच्या 'सानुग्रह अनुदाना'ची केली. तिचा आधार सातबारा. ज्याचें व ज्याच्या घरच्याचें नांव सातबाऱ्यावर, त्यास ती लाभते; ज्याला जमीन नाहीं, त्या तोडणीवाल्याचें नांव सातबाऱ्यावर कोठून असणार ?

या योजनेच्या नांवांतील शब्द जुन्या कागदांच्या वाचकांस थांबवील. अनुग्रह म्हणजे कृपा. बालपरवेशीपासून निघून, हक्काच्या देण्यावरून व विम्याच्या करारावरून फिरून, एका वर्गापुरती आपण पुन्हां अनुग्रहाच्या भाषेवर आलों आहों. यांत वाईटच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. विमा-कंपन्यांच्या हरकतींनीं दावे अडत, म्हणून हा मार्ग धरला गेला. परंतु हक्क, करार व कृपा या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि कागद वाचणाऱ्यानें त्यांची गल्लत होऊं देऊं नये.

(११) शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. आपल्या मंडळींचें लक्ष मोडी रुमाल, सनदा, ताम्रपट, पोथ्या यांकडे असतें, व तें योग्यच आहे. पण वऱ्हाडांतील बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यांचीं दप्तरें रद्दीच्या भावानें जातात. त्यांत हजेरीपट असतो, पगारपत्रक असतें, अपघाताची नोंदवही असते, विम्याचे करारपत्र व हप्त्याच्या पावत्या असतात, कमिशनरकडे भरलेल्या रकमेचें चलन असतें, मुकादमाच्या उचलीचा हिशेब असतो. शंभर वर्षांनीं वऱ्हाडांतील भूमिहीन स्त्रीचें नांव, गांव, रोजची मजुरी व तिच्या हाताला काय झालें हें सांगणारे याहून दुसरे कागद सांपडणें कठीण आहे. सनदेंत तिचें नांव येणार नाहीं, वतनाच्या यादींत येणार नाहीं, सातबाऱ्यावरही येणार नाहीं. अंगठ्याच्या ठशाखालीं कारकुनानें लिहिलेलें नांव एवढीच तिची इतिहासांतील जागा.

हे कागद मिळवितांना तीन गोष्टी पाळाव्या. एका कारखान्याचें दप्तर एकत्र ठेवावें. सुंदर शिक्क्याचें विमापत्र तेवढें उचलून पट टाकून देऊं नये, कारण एकावांचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाहीं. कागद कोठून व कोणाकडून मिळाले याची टीप त्याच दिवशीं करावी. आणि ज्यांचे वारस हयात आहेत अशा माणसांचीं नांवें व दुखापती छापतांना संयम राखावा. संशोधनास संख्या व पद्धति पुरते, कोणाच्या घरचें दुःख चव्हाट्यावर मांडण्याची गरज नसते. सरकारनें कोणास काय दिलें हें सनदा सांगतात; काम करतांना कोणाचें काय गेलें हें सांगण्याचें काम या वह्यांचें आहे. त्या राहिल्या तरच पुढील संशोधकास पटावरील तीस नांवें व रोजमेळांतील पन्नास मजूर यांतील अंतर मोजतां येईल.